कॉलमच्या रकान्यात काय लिहायचं?

चमोली जिल्ह्यात, गाडीरस्ता संपल्यावर दोन तास चढून गेलं की येणाऱ्या एका गावात आमच्या छोट्या न्यासाने स्वयंसेवकांसाठी तीन खोल्यांचं केंद्र बांधलं. जागा, निधी, गावाची संमती हे सगळं फारसं न कुरकुरता झालं, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते एका फॉर्मच्या तिसऱ्या पानावर, आणि तिथे एप्रिल ते जून हा बांधकामाचा अख्खा हंगाम वाया गेला.

देणगीदाराची अट होती की नकाशावर स्थानिक तांत्रिक कार्यालयाच्या अभियंत्याची सही हवी. अट रास्त होती. भूकंपाच्या नकाशावर हा भाग मोठ्या धोक्याच्या झोन पाचमध्ये दाखवलेला, आणि 29 मार्च 1999 चा भूकंप गावातल्या चाळिशीपुढच्या प्रत्येकाला आठवतो. नकाशाही तयार होता. प्रत्येकी आतून 3 बाय 4.2 मीटरच्या तीन खोल्या एका रांगेत, 45 सेंटिमीटर जाडीच्या भिंती, उंची 2.7 मीटर, एकच मजला, वर पत्रा. भिंती तिथल्याच दगडाच्या, पण चेहरे घडवून आणि 1:6 सिमेंट-वाळूत बांधलेल्या. दगड जागेवर फुकट मिळतो. सिमेंटची गोणी मात्र खेचराच्या पाठीवर येते, एका फेरीत दोन. त्यामुळे आरसीसी फ्रेमचा (सळ्या घातलेल्या काँक्रीटचे कॉलम म्हणजे खांब, आणि बीम म्हणजे तुळया, यांच्या सांगाड्याचा) विचार पहिल्याच दिवशी सोडला होता.

फॉर्मचं तिसरं पान मात्र आरसीसी गृहीत धरूनच छापलेलं. कॉलम क्रमांक, आकार, सळ्या, रिंगांचं (सळ्यांभोवतीच्या कड्यांचं) अंतर, फूटिंग म्हणजे कॉलमचा पाया. आम्ही पान कोरं सोडलं. तीन आठवड्यांनी फाइल परत आली: कॉलमचा तपशील जोडावा. मग प्रत्येक रकान्यात ‘लागू नाही’ लिहिलं. पुन्हा तीन आठवडे, पुन्हा तोच शेरा, फक्त शाई वेगळी. टेबलावरच्या बाबूंनी आपुलकीने मार्ग सुचवला: ‘‘चारों कोनों में चार कॉलम दिखा दीजिए, आज ही हो जाएगा.’’

तुम्हालाही हा सल्ला मिळेल, म्हणून तो का घ्यायचा नाही ते सांगतो. दगडी घरात भूकंपाचा पहिला घाव बसतो कोपऱ्यावर, कारण दोन दिशांनी हलणाऱ्या भिंती तिथे एकमेकींपासून सुटू पाहतात. त्यांना धरून ठेवतात एकमेकींत शिरलेले अर्धा मीटर लांबीचे कोपऱ्याचे दगड. तिथेच आधी नऊ इंची कॉलम उभा करून भिंत नंतर त्याला टेकवली, तर दगडांची वीण तुटते आणि खालपासून वरपर्यंत एक उभा सरळ सांधा राहतो. भिंत एकीकडे, कॉलम दुसरीकडे. त्यात रिंगा आठ इंचांवर आणि टोकं नुसती काटकोनात वळवलेली (गावोगाव हेच दिसतं, खरं तर टोक 135 अंशांत आत वळायला हवं), म्हणजे कॉलम असून नसल्यासारखाच. कॉलम आणि भिंत एकजीव करायची पद्धत आहे, पण तिथे भिंत आधी दात ठेवून (कड आत-बाहेर सोडून) बांधतात आणि कॉलम मागून ओततात. कागदावर दाखवायचे चार कॉलम म्हणजे ती पद्धत नव्हे. आणि कागदावर दाखवले की देणगीदाराचा माणूस जागेवर ते मोजायला येणारच.

तिसऱ्या खेपेला आम्ही ‘लागू नाही’ खोडून त्या पानाला एक तक्ता जोडला, आणि त्याने काम झालं. डाव्या बाजूला फॉर्मचा प्रश्न, उजव्या बाजूला तेच काम आमच्या इमारतीत कोण करतं आणि ते कोणत्या ड्रॉइंगवर आहे. कॉलम: चारही कोपरे आणि खोल्यांमधल्या भिंती बाहेरच्या भिंतींना मिळतात ते चार सांधे मिळून आठ ठिकाणी 12 मिमीची उभी सळी, पायापासून छताच्या पट्ट्यापर्यंत अखंड, शिवाय दारांच्या बाजूंना. बीम: जोतं, लिंटेल (दार-खिडकीचा वरचा काठ) आणि छत अशा तीन पातळ्यांवर सगळ्या भिंतींवरून फिरणारा काँक्रीटचा पट्टा, 75 मिमी जाड, 10 मिमीच्या दोन सळ्या, 6 मिमीच्या आडव्या कड्या 150 मिमीवर. खिडकी-दार: आतल्या कोपऱ्यापासून किमान 60 सेंटिमीटर दूर. प्रत्येक ओळीपुढे आयएस 4326 किंवा आयएस 13828 या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकांचं कलम, आणि मागे त्या पानाची प्रत पिवळी खूण करून. ही मानकं भारतीय मानक ब्यूरोच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. खाली संरचना अभियंत्याची सही आणि नोंदणी क्रमांक. सळ्यांचे हे आकडे आमच्या इमारतीचे आहेत, तुमचे तुमच्या अभियंत्याकडून काढून घ्या.

मुख्य म्हणजे फाइल खिडकीत न देता अभियंता बसतो त्या दिवशी त्याच्यासमोर ठेवली. त्याने दहा मिनिटं वाचून एकच प्रश्न विचारला: दगडी भिंतीच्या पोटात सळी उभी कशी ठेवणार? हाच खरा प्रश्न होता, आणि तो मार्चमध्ये कुणी विचारला असता तर! उत्तर सोपं आहे. सळीभोवती 75 मिमी व्यासाचा, 60 सेंटिमीटर लांबीचा पीव्हीसी पाइप सैल उभा करायचा, त्याच्याभोवती दगडाचा थर बांधायचा, अधूनमधून पाइप फिरवत राहायचा म्हणजे चिकटत नाही. थर झाला की पाइप वर ओढायचा आणि पोकळीत 1:2:4 चं (सिमेंट, वाळू, खडी) बारीक खडीचं काँक्रीट सळीने ठासून भरायचं. हे रेखाटन तक्त्यातच टाकलं असतं तर तोही प्रश्न आला नसता. सही त्याच दुपारी झाली. तोवर पाऊस सुरू झाला होता.

काम सप्टेंबरअखेर लागलं. भिंतीत सगळ्यात जास्त डोळा ठेवायचा तो आरपार दगडांवर. 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारीत मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींचे आतले आणि बाहेरचे पदर सुटे झाले, आणि वरचं जड धाबं खाली आलं. दोन पदर शिवून ठेवणारा दगड दर 60 सेंटिमीटर उंचीला आणि आडवा 1.2 मीटरच्या आत हवाच. आमच्या मापाच्या इमारतीला सव्वाशे-दीडशे लागतात, ते आधीच निवडून वेगळे रचून ठेवा. पूर्ण 45 सेंटिमीटरचा मिळत नसेल तर पाऊण जाडीचे दोन शेजारी-शेजारी, किंवा 8 मिमीच्या सळीचा एस आकाराचा आकडा काँक्रीटमध्ये. दोन्ही टोकांना लाल रंग लावायला सांगा. भिंतीच्या दोन्ही अंगांना लाल ठिपके समोरासमोर दिसले तर ठीक, नाहीतर मिस्त्रीने अर्धे दगड लावून मध्ये चिपा भरल्या आहेत.

सळ्यांचं आधी सांगायला हवं होतं. दुकानदार 12 मीटरची सळी मधोमध दुमडून देतो. ती तशी वर नेऊन सरळ करू नका, वाकलेल्या जागी ती कमकुवत होते. रस्त्याच्या टोकालाच 6 मीटरचे तुकडे करून घ्या, माणसं खांद्यावर नेतात. जोडात दोन सळ्या एकमेकींवर 10 मिमीला 50 सेंटिमीटर, 12 मिमीला 60, आणि पट्ट्यातला जोड कधीही कोपऱ्यावर नाही. पट्टा एका दिवसात ओतायचा. अशा एका पट्ट्याला दहा-अकरा गोण्या लागतात, त्या सगळ्या वर पोचल्याशिवाय पहिलं घमेलं कालवू नका. खेचरवाल्याचा ‘उद्या’ आणि तुमचा ‘उद्या’ एक नसतो.

हंगाम चुकल्याची किंमत छताच्या पट्ट्यावर वसूल झाली. तो नोव्हेंबरात गेला, आणि 5 अंशांखाली काँक्रीट धड पकडत नाही. म्हणून ऊन चढल्यावर ओतायला घेतलं, दुपारपर्यंत संपवलं, वर ओलं गोणपाट, त्यावर वाळलेलं गवत, त्यावर ताडपत्री. पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट असेल तर किमान दहा दिवस ओलं ठेवा, मिस्त्री तीन दिवसांत पुरे म्हणतील.

छपराला जे-बोल्ट (पत्रा धरून ठेवणारे वाकड्या टोकाचे बोल्ट) पत्र्याच्या पन्हाळीच्या उंचवट्यावर मारा, खळग्यात नाही. खळग्यातून पाणी गळतं. छपराखालचे दोन्ही टोकांच्या भिंतींवरचे त्रिकोण दगडात चढवू नका, लाकडी चौकटीवर पत्रा पुरतो. आणि तक्त्याच्या पाच प्रती काढून ठेवा, कार्यालयाने आमच्याकडून तीन घेतल्या आणि एक हरवली.