माझं स्थळ अजून चालू होतं

गेल्या दिवाळीत मावशीचा फोन आला. ती धाकट्यासाठी मुली बघतेय, म्हणजे हल्लीच्या पद्धतीने, रात्री जेवणं उरकली की मोबाइलवर. "अगं, तुझं स्थळ दिसलं मला," ती म्हणाली. "हिरव्या साडीतला फोटो."

माझं लग्न २०१४ साली झालं. मुलगा चौथीत आहे.

मावशीने स्क्रीनशॉट पाठवला. उंची, रक्तगट, गोत्र, देवक, जन्मवेळ, मामेकुळ, पगार आणि खाली बाबांचा मोबाइल नंबर. २०१३ साली बाबांनी एका वधू-वर साइटवर हे सगळं हौसेने भरलं होतं. पगार तेव्हाचाच होता, वय मात्र साइटने दरवर्षी न चुकता वाढवलं होतं. हसून झाल्यावर लक्षात आलं की आईचं माहेरचं आडनाव हा प्रश्न ओळख पटवायला म्हणून विचारला जातो, आणि माझं उत्तर 'मामेकुळ' या रकान्यात बारा वर्षं उघडं पडलं होतं.

बाबांना पासवर्ड विचारला. त्यांनी जुनी डायरी काढली, भिशीच्या हिशोबाच्या पानावर तो होता: माझं लाडाचं नाव आणि जन्मसाल. पण साइटला ओटीपी हवा होता, आणि तो जाणार होता बाबांच्या जुन्या नंबरवर. ते सिम बाबांनी कधीच सोडलं होतं. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कोणाला देत नाहीत, नंतर मात्र तो दुसऱ्याच्या खिशात जातो.

मी त्या नंबरवर फोन लावला. फलटणकडचे एक गृहस्थ निघाले. सगळं सांगितलं आणि म्हटलं, दादा, आता तुम्हाला एक ओटीपी येईल, तेवढा सांगाल का?

"ताई, ओटीपी कुणालाच सांगायचा नसतो," ते म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. मग जरा थांबून म्हणाले, "म्हंजे ते मुलीसाठी फोन येत्यात ते तुमचेच व्हय?" चार वर्षं हा माणूस माझ्या स्थळाच्या चौकशांना उत्तरं देत होता! मी मेल्यासारखी माफी मागितली.

सरळ वाट बंद झाली, म्हणून साइटच्या तळाशी गेले. २०२१ च्या आयटी नियमांनुसार अशा प्रत्येक साइटला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, आणि तेव्हाच्या नियमानुसार त्याने २४ तासांत पोच देऊन १५ दिवसांत तक्रार निकाली काढायची होती. हे नियम मी मेलमध्ये नावानिशी लिहिले. नुसतं 'कृपया खातं बंद करा' लिहिलं असतं, तर 'आपला मेल महत्त्वाचा आहे' यापलीकडे काही आलं नसतं असा माझा कयास आहे.

उत्तर आलं: आधारची प्रत पाठवा. माहिती काढून टाकायला आणखी माहिती द्या! आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क केलेलं आधार उतरवलं, त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. त्यावर आडवं लिहिलं, 'फक्त खातं मिटवण्यासाठी', आणि तारीख टाकली. तीन दिवसांनी कळवलं, 'प्रोफाइल लपवलं आहे'. इथे बरेच लोक सुटकेचा निःश्वास टाकतात आणि फसतात. लपवलेलं म्हणजे कपाटात ठेवलेलं. मी पुन्हा लिहिलं: लपवू नका, पुसा, आणि पुसल्याचं लेखी कळवा. तेराव्या दिवशी तो मेल आला. तरी गूगलवर माहेरचं नाव टाकलं की जुना मजकूर दोन ओळींत दिसायचाच. काढून टाकलेल्या पानांसाठी गूगलचा वेगळा फॉर्म आहे, तो भरला, मग तेही गेलं.

दरम्यान घरात निराळंच नाटक. साइट रोज उघडून बघत असल्यामुळे माझ्या फोनवर पैठण्या आणि मंगल कार्यालयांच्या जाहिराती सुरू झाल्या. नवरा खांद्यावरून बघून म्हणाला, "काही ठरतंय का?" इन्कॉग्निटो वापरायचा सल्लाही त्याचाच. पण त्याने फक्त आपल्या फोनवर इतिहास उरत नाही, समोरच्या साइटला आपण दिसायचे ते दिसतोच. शेवटी फायरफॉक्स हा ब्राउझर घेतला. एका साइटची कुकी, म्हणजे तिने आपल्या ब्राउझरमध्ये ठेवलेली ओळखीची खूण, दुसऱ्या साइटवर आपल्याला ओळखायला वापरता येऊ नये, म्हणून तो प्रत्येक साइटच्या कुकीज आपणहून वेगळ्या डब्यात ठेवतो. शिवाय अँड्रॉइडवरसुद्धा त्यात जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन घालता येतं, अँड्रॉइडच्या क्रोममध्ये अशा एक्स्टेन्शनची सोयच नाही. बाबांच्या फोनवरही घातला, मराठीत करून. एक सरकारी साइट त्यात धड चालत नाही, तेवढ्यापुरता जुना ब्राउझर ठेवलाय.

मग सपाटाच लावला. मेलमध्ये 'वेलकम' आणि 'व्हेरिफाय' शोधलं आणि विसरलेली एकेक खाती वर आली: कूपनवाली, रेसिपीवाली, कुठल्याशा स्पर्धेची. बहुतेक दहा-दहा मिनिटांत मिटली. फेसबुकला मात्र दोनदा बसावं लागलं, चूक माझीच. आधी फोटो उतरवून घेतले, 'डिअॅक्टिव्हेट' टाळून 'डिलीट' निवडलं. पुढचे ३० दिवस लॉगिन करून विनंती रद्द केली नाही तरच ते खरं मिटतं. अकराव्या दिवशी एका वर्गमैत्रिणीचा वाढदिवस बघायला म्हणून शिरले, समोर आलेलं 'कॅन्सल डिलीशन' दाबलं, आणि विनंती रद्द. दुसऱ्यांदा अॅपच काढून टाकलं.

फलटणच्या दादांना मी परत फोन केला. म्हटलं, आता तुम्हाला ते फोन येणार नाहीत.

"बरं झालं," ते म्हणाले. "पण मुलीचं जमलं का?"

"जमलं," मी म्हटलं.