पहिली बाजू डोलते, दुसरी नाही

मंडळी, देशी रॉक बँडांच्या ‘सिमला बीट 70’ या जुन्या एलपीवरचा सूर का डोलतो, त्याचा गुन्हेगार सापडला. बेल्ट बदलून झाला, बेअरिंगला तेल घालून झालं, 50 हर्ट्झच्या दिव्याखाली वेग तपासायच्या स्ट्रोब चकतीच्या 180 रेघा ढिम्म उभ्या राहिल्या, तरी पहिल्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात गिटारचा लांबवलेला स्वर दर 1.8 सेकंदाला वर-खाली होतच होता. 1.8 सेकंद म्हणजे 33⅓च्या वेगात बरोबर एक फेरी. तेव्हा दोष टर्नटेबलचा नाही. तबकडीचं भोकच मध्यावर नाही.

किती सरकलंय ते मोजायची युक्ती सोपी आहे. सुई शेवटच्या लॉक्ड ग्रूव्हमध्ये (लेबलजवळच्या बंद गोल खोबणीत) जाऊ द्या, वर मोबाइल धरा, शेजारी फूटपट्टी ठेवा. माझ्याकडे सुईचा आर्म 1.1 मिमी झुलतो, म्हणजे भोकाची सरक 0.55 मिमी. बाहेरच्या खोबणीत (त्रिज्या 146 मिमी) वेगातला फरक 0.4 टक्क्यांहून कमी, म्हणून पहिलं गाणं सुसह्य वाटतं. आत 60 मिमीवर तोच फरक 0.9 टक्के होतो, म्हणजे दोन्हीकडे सोळा-सोळा सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). आपली प्रमाणश्रुती, म्हणजे श्रुतींमधलं सर्वांत लहान अंतर, जेमतेम 22 सेंटची, आणि इथे एकूण झोका 32चा! गाण्याचा कान असलेल्याला हे छळणारच.

रीमर (भोक रुंद करायचं हत्यार) मागवला होता. भोक थोडं मोठं करायचं आणि प्लेटवर तबकडी बोटाने सरकवत मध्यावर आणायची, हा जुना उपाय. (चोर बाजारातले काहीजण हे काम पेनच्या टोपणाने करतात, त्यांच्याकडून तबकडी घेताना भोक आधी बघा.) पण सहज दुसरी बाजू लावून पाहिली, तर आर्म जवळपास स्थिर. दोन्ही बाजूंचे स्टँपर (छापायचे साचे) वेगवेगळे बसवतात, त्यामुळे एक चुकला तरी दुसरा बरोबर असू शकतो. भोक दोन्ही बाजूंना एकच, तेव्हा चांगल्या बाजूचं नीट भोक मी कापणार नाही. रीमर खोक्यातच राहिला.

ऐंशीच्या दशकात नाकामिचीने टीएक्स-1000 काढला होता. तो सरक स्वतः मोजून प्लेट हलवायचा. तो आपल्या खिशातला नाही. असा झोका रेकॉर्डिंगमधून काढणारं सेलेमनीचं कॅपस्टन सॉफ्टवेअरही हजारो युरोंचं. मग पायथनमध्येच छोटी स्क्रिप्ट लिहिली: सरक माहीत, त्रिज्या माहीत, त्यानुसार रेकॉर्ड केलेल्या फाइलचा वेग उलट दिशेने बदलत रीसँपल. अडलं ते फेजवर. लाट कुठून सुरू होते हे कानाने ठरवताना कधी वॉव (सुराचा हा झोका) निम्मा होई, कधी दुप्पट.

आणि हे लिहिता लिहिताच सुचलं: हम, म्हणजे विजेची गुणगुण! मागच्या वेळी ज्या हमला शिव्या घातल्या तोच. गाण्याआधी अँप्लिफायर चालू असतो आणि गिटार गप्प, त्या क्षणभरात खोबणीत कोरलेला हम स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजाच्या आलेखात) नागमोडी दिसतो. माझ्या प्रीअँपचा हम मात्र सरळ रेघ. त्या काळी वीज ग्रिड 50 हर्ट्झवर नेमकी नसली तरी बिघडत नाही, मला हवी आहे फक्त नागमोड. 300 हर्ट्झच्या हार्मोनिकवर (50च्या सहा पटीवर) ती ठळक उमटली, फेज मिळाली, स्क्रिप्ट पुन्हा चालवली. शेवटचं गाणं उभं राहिलं! कलकत्त्याचा ग्रेट बेअर, मद्रासचे कन्फ्यूजन्स, शिलाँगचे फेंटोन्स ही सगळी पोरं स्वतःच्या सुरात किती पक्की होती ते आता कळेल. इतकी वर्षं त्यांच्या नावावर बेसूरपणा खपत होता.

‘71’ची प्रत कव्हरशिवाय मिळाली आहे. धुऊन होईपर्यंत तिला हात लावणार नव्हतो, पण आता आधी लॉक्ड ग्रूव्हच तपासतो. ‘70’ कोणाकडे असेल तर पहिल्या बाजूचा असाच वरून व्हिडिओ काढा आणि लेबलजवळ खोदलेला मॅट्रिक्स नंबर कळवा. स्टँपर एकच असेल तर तुमचाही आर्म 1.1च्या आसपास झुलेल, आणि माझी स्क्रिप्ट तुमच्या फाइलवर फक्त फेज बदलून चालेल.