मावशी गेरी

कराटेत गोल फिरवून मारायची एक किक असते, तिचं जपानी नाव मावाशी गेरी. आमच्या क्लासातल्या तिसरी-चौथीच्या पोरांनी तिचं मावशी गेरी करून टाकलंय, आणि मी आल्यापासून तर त्यांना आयता विषयच मिळालाय. सरांनी "मावाशी गेरी" म्हणलं की दोन-तीन मुंडकी हमखास माझ्याकडे वळतात. क्लासातली एकमेव मावशी मीच. वय एक्केचाळीस, उजवा गुडघा जरा कुरकुरणारा, बेल्ट पांढरा.

तो पांढराच खरा दुखतो, कारण चार महिन्यांपूर्वीपर्यंत तो ऑरेंज होता.

झालं असं की डोंबिवलीत मी लेकीला कराटेला सोडायला जायचे, आणि तासभर गच्चीच्या कठड्याला टेकून मोबाईल बघण्यापेक्षा आपणही उभं राहावं म्हणून शेवटच्या रांगेत उभी राहिले. लेकीने तीन महिन्यांत सोडलं. मी राहिले, दीड वर्ष राहिले, दोन एक्झाम दिल्या. मग नवऱ्याची बदली, पुणे, नवा फ्लॅट, आणि चालत जाता येईल असा एकच क्लास. आधीचा क्लास शोतोकानचा होता, हा गोजू रियूचा निघाला, म्हणजे कराटेचीच पण वेगळी स्टाईल. मला दहापर्यंतचे जपानी आकडे येत होते, त्यात गो म्हणजे पाच आणि जू म्हणजे दहा, त्यामुळे मी काही दिवस खुशाल समजत होते की या स्टाईलचं नाव पाच-दहा आहे. तर तसं नाही, इथला गो म्हणजे कठीण आणि जू म्हणजे मऊ. उच्चार जवळजवळ तोच, अर्थ वेगळा. माझं पुढे जे काही होणार होतं त्याची ही सूचनाच होती म्हणायची.

पहिल्या दिवशी सगळे वाकून नमस्कार करून उभे राहिले, सरांनी काहीतरी सांगितलं आणि अख्खा हॉल एका आवाजात ओरडला, "हाय!" मला वाटलं नवीन माणूस आलंय म्हणून म्हणतायत. मी पण हात हलवून "हाय" म्हणलं. आता हसायला काय झालं ते मला घरी येऊन यूट्यूबवर शोधल्यावर कळलं. जपानीत हाय म्हणजे हो. आमच्या जुन्या क्लासात हो, समजलं, नमस्कार, थँक्यू, येते आता, सगळ्याला एकच "ओस!" असायचं. पण ओकिनावाकडच्या, म्हणजे कराटे जिथलं त्या जपानी बेटाकडच्या, वळणाच्या बऱ्याच क्लासात ओस म्हणतच नाहीत. माझं ओस अजूनही तोंडातून सुटतं आणि एकटंच हॉलभर फिरून येतं.

बेल्टचं सरांनी शांतपणे सांगितलं, "जुना घरी नीट ठेवा, इथे पांढऱ्यापासून करू." मी म्हणलं हो हो, काहीच हरकत नाही, आणि घरी जाऊन भरपूर हरकत घेतली. मग स्वतःची समजूत काढायला वाचत बसले. कराटेत बेल्ट आले ते ज्युडोतून. ज्युडो सुरू करणाऱ्या जिगोरो कानोंनी 1880 च्या दशकात काळा बेल्ट आणला, पण हे मधले पिवळे-नारिंगी-हिरवे प्रकार पसरले ते 1930 च्या दशकात पॅरिसमध्ये ज्युडो शिकवणाऱ्या कावाइशींमुळे. म्हणजे माझा ऑरेंज ही मुळातली युरोपियन भानगड, असं म्हणून मी तो कपाटात साड्यांच्या खाली ठेवून दिला. दोन दिवसांनी उगाच काढून बघितला, ते सोडा.

पण बेल्ट बदलणं सोपं हो, पाय बदलणं अवघड. शोतोकानमध्ये आम्हाला झेनकुत्सू दाची शिकवलेली, म्हणजे लांब पाय टाकून खाली बसायचं, पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय ताठ. दीड वर्ष "अजून खाली, अजून खाली" ऐकून मांड्यांनी ते कसंबसं मान्य केलं होतं. इथे सांचिन दाची. पावलं जवळ, पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या अंगठ्याच्या रेषेत, दोन्ही अंगठे किंचित आत, गुडघे किंचित आत, आणि वर अंग सगळं आवळलेलं. भरल्या लोकलमध्ये कुठे धरायला नसलं की डोंबिवलीची बाई जशी उभी राहते, अगदी तसं. म्हणजे हे मला जन्मापासून येत होतं, पण क्लासात उभं राहिलं की पाय आपोआप लांब पडतो. मग एक दहा वर्षांचा हिरव्या बेल्टवाला मुलगा येतो आणि म्हणतो, "मावशी, अंगठे आत." तो सीनियर, त्यामुळे मी त्याला सेनपाई म्हणायचं. तो मला आधी काकू म्हणायचा, किकमधली गंमत कळल्यावर मावशी केलं.

सुरवातीला मी नव्या सुनेसारखं करायचे. "आमच्याकडे असं करायचे." आमच्याकडे मूठ इथून निघायची, आमच्याकडे श्वासाचा असा आवाज नसायचा. सर प्रत्येक वेळी म्हणायचे, "तेही बरोबर आहे. इथे असं करा." आमटीत गूळ घालायचा की नाही यावर माझ्या सासूबाई हेच वाक्य इतक्या शांतपणे कधी म्हणाल्या नाहीत, एवढं नोंदवून ठेवते.

गंमत म्हणजे हे माहेर-सासर एकाच गावातलं. शोतोकानवाले फुनाकोशी गुरुजी, खरोखरचे शाळामास्तर होते ते, ओकिनावातल्या शुरीच्या परंपरेतले, 1922 साली प्रात्यक्षिक दाखवायला तोक्योला गेले आणि तिकडेच राहिले. शोतो हे त्यांचं कवितेचं टोपणनाव. आणि गोजूवाले मियागी चोजुन शेजारच्या नाहाचे. शुरी आणि नाहा यांच्यात अंतर ते किती, काही किलोमीटर, आता तर शुरी नाहा शहरातच आहे. म्हणजे सदाशिव पेठ आणि कॅम्प समजा. तेवढ्यात पाय कुठे ठेवायचा यावर एकमत नाही, पुण्यात राहायला आल्यावर मला याचं फार आश्चर्य वाटेनासं झालंय.

खरी फजिती काताची झाली. काता म्हणजे ठरवून दिलेल्या हालचालींची ओळ, समोर कोणी नाही आणि आपण ब्लॉक-पंच करत चाललोय. माझा जुना पहिला काता हेइआन शोदान, एकवीस हालचाली, झोपेतही यायचा. त्यात सुरवातीला डावीकडे वळायचं आणि हात खाली झाडायचा. इथला गेकिसाई दाई इची, तो मियागींनी 1940 मध्ये रचला. तोही डावीकडेच वळून सुरू होतो, पण वळल्यावर हात वर, डोक्यावरचा वार अडवायला. या वरच्या ब्लॉकचं नाव आगे उके. झालं! सर म्हणतात "आगे उके" आणि माझ्या डोक्यातलं हिंदी म्हणतं पुढे चला, हात जुन्या सवयीने खाली जातो, पाय लांब पडतो, आणि अख्ख्या रांगेत मी एकटी वेगळ्याच माणसाशी मारामारी करत असते. ज्याला काहीच येत नाही त्याचं बरं असतं हो. शेजारी परवाच आलेली सात वर्षांची मुलगी आहे, तिचा हात पहिल्याच दिवशी वर गेला, कारण तिच्याकडे खाली न्यायला काही नव्हतंच.

मग सांचिनचा श्वास. पोटातून घ्यायचा आणि आवाज करत सोडायचा, कुकर शिटी द्यायच्या आधी फुसफुसतो ना तसा. तेवढ्यात कॉलेजमधली एक ब्राऊन बेल्टवाली ताई मागून येऊन दोन्ही खांद्यांवर सणसणीत थाप मारते, अंग आवळलंय का बघायला. (ताई म्हणजे माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. इथली नाती वयावर चालत नाहीत.) पहिल्यांदा मारली तेव्हा मी वळून "काय गं?" म्हणलं.

गेल्या गुरुवारी जमलं. डावीकडे वळले, हात वर गेला, पाय जवळ पडला, सेनपाई काही न बोलता पुढे गेला. मी इतकी खूष झाले की पुढचं सगळं विसरले, पण ते असू दे.

घरी आले, कुकर लावला, आणि लेकीला म्हणलं थांब, तुला आपला जुना काता करून दाखवते, बघू तुला आठवतो का. ओट्यासमोर उभी राहिले, वाकून नमस्कार केला, डावीकडे वळले. हात वर गेला.

"आई," लेक म्हणाली, "खाली होता ना तो?"