रँकिनबाईंची मतं

रविवार, रात्र

आज दुपारपासून रँकिनबाई डोक्यातून जात नाहीत. जॅनेट रँकिन, अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, निवडून आलेली पहिली बाई. १९१६ साली, मोंटाना राज्यातून, रिपब्लिकन पक्षातर्फे. तेव्हा अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत बायकांना साधं मतदानही करता येत नव्हतं. मोंटानात ते १९१४ला मिळालं, आणि त्यासाठी बाई स्वतः राज्यभर हिंडल्या होत्या. त्यांच्या निवडणुकीचा सगळा कारभार भावाने, वेलिंग्टनने, सांभाळला.

२ एप्रिल १९१७ला बाईंनी शपथ घेतली. त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष विल्सन सभागृहात हजर: जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारा म्हणून. कामाचा पहिला दिवस असा! ६ एप्रिलला पहाटे मतदान झालं. पहिल्यांदा नाव पुकारलं तेव्हा बाई गप्प राहिल्या. दुसऱ्यांदा पुकारल्यावर उठल्या आणि म्हणाल्या, ‘मला माझ्या देशाच्या बाजूने उभं राहायचंय, पण मी युद्धाला मत देऊ शकत नाही.’ मत देताना कुणी कारणं सांगत बसायचं नाही, असा रिवाज होता. तोही मोडला. ३७३ विरुद्ध ५० असा निकाल लागला. त्या पन्नासांत एकोणपन्नास पुरुष होते, पण बातमी झाली ती बाईंची, त्या म्हणे हुंदके देत रडल्या. तिथे हजर असलेल्या काहींनी नंतर सांगितलं, रडल्याबिडल्या नाहीत. त्या एकोणपन्नासांचे डोळे कुणी तपासले असतील असं वाटत नाही.

‘युद्धाला नाही म्हटलं म्हणून बाई संपल्या’ असं सरसकट सांगतात. मला ते अर्धंच पटतं. त्याच वर्षी जूनमध्ये मोंटानातल्या ब्यूटच्या स्पेक्युलेटर खाणीत आग लागून १६८ कामगार गेले आणि मागोमाग संप सुरू झाला. बाई उघडपणे खाणकामगारांच्या बाजूने उभ्या राहिल्या. समोर होती अ‍ॅनाकोंडा ही तांब्याची कंपनी, आणि मोंटानात तिचा शब्द म्हणजे जवळजवळ कायदाच. त्यात पूर्वी अख्खं राज्य मिळून एकच मतदारसंघ होता, त्याचे दोन तुकडे झाले आणि बाईंच्या वाट्याला डेमोक्रॅटांचं वजन असलेला भाग आला. म्हणून १९१८ला त्या सिनेटला, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहासाठी, उभ्या राहिल्या. पडल्या.

त्याआधीचं एक मत मात्र कुणी फारसं काढत नाही. १० जानेवारी १९१८ला देशभरातल्या बायकांच्या मतदानहक्काची घटनादुरुस्ती सभागृहात आली, त्या चर्चेची सुरुवात बाईंनीच केली. जगात लोकशाही टिकावी म्हणून युद्धाला मतं दिलीत, मग घरच्या बायकांना एवढीशी लोकशाही नाकारलीत तर त्यांना लोकशाहीचा अर्थ काय समजावून सांगायचा, असं विचारलं. ठराव त्या दिवशी मंजूर झाला, २७४ विरुद्ध १३६, आणि पुढे सिनेटमध्ये अडकला. हक्क आला १९२०ला, तेव्हा बाई सभागृहात नव्हत्या. मला त्यांच्या दोन ‘नाही’पेक्षा हा ‘हो’ जास्त आवडतो.

दुसऱ्या ‘नाही’शी तर माझं जमतच नाही. १९४०ला बाई पुन्हा निवडून आल्या आणि ८ डिसेंबर १९४१ला, पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, जपानविरुद्धच्या युद्धाला ३८८ विरुद्ध १ मत पडलं. तो १ म्हणजे बाई. मी तिथे असते तर ‘हो’ म्हटलं असतं, हिटलर समोर असताना दुसरं काही सुचलंच नसतं. पण मतदानानंतर लोक इतके अंगावर आले की बाईंनी टेलिफोनच्या खोपटात शिरून दार लावून घेतलं आणि पोलिसांना बोलावलं, हे वाचताना मी नकळत त्यांच्याच बाजूला जाऊन बसते. सख्ख्या भावानेही कळवलं, मोंटाना शंभर टक्के तुझ्या विरोधात आहे. १९४२ला त्या उभ्याच राहिल्या नाहीत. ती जागा माइक मॅन्सफील्ड यांना मिळाली.

मग बाई हिंदुस्थानात येऊ लागल्या. गांधींची अहिंसा हेच कारण. पहिली खेप १९४६ची, १९७१पर्यंत सात वेळा आल्या. मधल्या काळात जॉर्जियातल्या साध्या घरात राहायच्या.

१५ जानेवारी १९६८ला व्हिएतनाम युद्धाविरुद्ध हजारो बायका वॉशिंग्टनमध्ये मोर्चाने गेल्या. पुढे सत्त्याऐंशी वर्षांच्या रँकिनबाई. आत निवेदन द्यायला मोजक्याच जणींना सोडलं. सिनेटमध्ये ते घेणारे बहुमतवाल्यांचे नेते होते मोंटानाचे माइक मॅन्सफील्ड.