एडीपी घातलं तरी रेघ हलेना – डासांच्या मायटोकॉन्ड्रियावर काम करतानाचा माझा अनुभव

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी एडिस इजिप्तीच्या, म्हणजे डेंग्यूच्या डासाच्या, उडायच्या स्नायूतले मायटोकॉन्ड्रिया (पेशीत ऊर्जा बनवणारे बारीक भाग) किती ऑक्सिजन घेतात ते मोजायला लागले. मादी कानाशी भुणभुणते ना, तेव्हा तिचे पंख सेकंदाला चारपाचशे वेळा हलत असतात, त्यामुळे त्या एवढ्याशा थोरॅक्समध्ये, म्हणजे छातीच्या भागात, मायटोकॉन्ड्रिया नुसते ठासून भरलेले असतात. रिओ दि जानेरोच्या संशोधकांनी २००९ मध्येच दाखवलं होतं की मादी रक्त प्यायली की या स्नायूतलं श्वसन मंदावतं आणि हायड्रोजन पेरॉक्साइडही कमी तयार होतं. मला हेच पुण्यातल्या अंड्यांपासून वाढवलेल्या आमच्या लॅबमधल्या डासांच्या कॉलनीत बघायचं होतं.

काम ऐकायला सोपं आहे. मादी बर्फावर गार करायची, डोकं, पंख, पाय आणि पोट काढायचं, राहिलेला थोरॅक्स थंड बफरमध्ये बारीक चिमट्याने हळूच उकलायचा. पोट काढताना आतडं फुटलं तर ते सँपल सरळ टाकून द्यायचं, कारण आतड्यातले पचनाचे एन्झाइम स्नायूत मिसळले की पुढच्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही. मग दोन थोरॅक्स ऑक्सिजन मोजायच्या यंत्राच्या २ मिलीच्या चेंबरमध्ये, तापमान २७.५ अंश, आणि झाकण लावलं की स्क्रीनवर ऑक्सिजनची रेघ खाली उतरायला लागते. कॅलिब्रेशनला हवेचा दाब बघायचाच, पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे म्हणून पाण्यात ऑक्सिजन मुंबईपेक्षा थोडा कमीच विरघळतो.

सुरुवातीला मी इंधन म्हणून नुसतं पायरुवेट (साखरेपासून बनणारा पदार्थ) द्यायचे आणि श्वसन अगदी मिळमिळीत यायचं, प्रोलीन हे अमिनो आम्ल सोबत दिल्यावर एकदम उसळी आली. प्रोलीन क्रेब्स सायकलमधले, म्हणजे मायटोकॉन्ड्रियात इंधन जाळणाऱ्या चक्रातले, पदार्थ भरून काढतं आणि मग पायरुवेट पूर्ण जळू शकतं, आणि या डासाला उडताना प्रोलीन हे इंधन म्हणूनही लागतंच.

खरी अडचण पुढे आली. एडीपी घातलं की श्वसन वाढायला हवं, कारण त्यापासून एटीपी, म्हणजे पेशी वापरते ती ऊर्जा, बनायला लागतं. दिवसाच्या पहिल्या रनला, म्हणजे पहिल्या मोजणीला, छान वाढायचं, दुसऱ्या रनला रेघ हलायचीच नाही, म्हणजे तिचा उतार तसाच राहायचा, तिसऱ्यालाही नाही. तीन आठवडे हेच चाललं. मी धरून चालले की दुसऱ्या बॅचचे डास बर्फावर जास्त वेळ राहतात म्हणून स्नायू खराब होतोय, म्हणून मी डिसेक्शनचा वेग वाढवला, बफर नवीन केला, एडीपीची नवी बाटली फोडली, पीएच दहादा तपासला. मायटोकॉन्ड्रियाचं बाहेरचं आवरण फाटलं तर सायटोक्रोम सी हे प्रथिन बाहेर गळतं आणि ते वरून घातल्यावर श्वसन वाढतं. मी ते घालून बघितलं तर वाढलं नाही, म्हणजे आवरण शाबूत होतं, चिमट्याने मायटोकॉन्ड्रिया फाटले नव्हते. तरी एडीपीला दाद नाही. एका रात्री साडेनऊला मी लॅबमध्ये बसून रडले आहे, खरंच सांगते, कारण गाइडना आठवड्याचा डेटा द्यायचा होता आणि माझ्याकडे फक्त पहिले रन होते.

आमच्या लॅबमधली सीनियर ताई दुसऱ्या दिवशी शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "बंद पडलेल्या रनमध्येच एफसीसीपी घाल बघू." एफसीसीपी घातलं की एटीपी न बनवताही श्वसन पूर्ण वेगाने चालू शकतं. घातलं, आणि रेघ सरळ खाली कोसळायला लागली, म्हणजे श्वसन दणक्यात वाढलं! ती म्हणाली, "म्हणजे ऑक्सिजन वापरणारी इलेक्ट्रॉनची साखळी ठणठणीत आहे, कुलूप फक्त एटीपी सिंथेसला, एटीपी बनवणाऱ्या एन्झाइमला, लागलंय. आधीच्या रनला शेवटी काय घातलं होतंस चेंबरमध्ये?"

ऑलिगोमायसिन. मी तेव्हा प्रत्येक रन ऑलिगोमायसिनवर संपवायचे, आणि ते एटीपी सिंथेसच अडवतं. ते पाण्यात धड विरघळत नाही, चेंबरच्या स्टॉपरला, ओ-रिंगला चिकटून बसतं, आणि मी रनच्या मधे फक्त तीनदा डिस्टिल्ड वॉटरने धुवायचे. रात्री चेंबर इथेनॉल भरून ठेवायचो म्हणून सकाळचा पहिला रन चांगला यायचा, बस एवढंच होतं ते.

तेव्हापासून प्रत्येक रननंतर आधी पाणी, मग ७० टक्के इथेनॉल, मग अॅब्सोल्यूट इथेनॉल १५ मिनिटं स्टरर चालू ठेवून, स्टॉपर आणि त्यातलं सिरिंजचं बारीक भोकसुद्धा, आणि शेवटी परत पाणी. दिवसाला दोन रन कमी होतात, होऊ देत. शंका आली की मी बीएसए (गाईच्या रक्तातलं एक प्रथिन) घातलेल्या बफरनेही एक वॉश देते, असे चिकट पदार्थ बीएसए धरून ठेवतं. आणि ऑलिगोमायसिन, अँटिमायसिन, रोटेनोन या श्वसन अडवणाऱ्या पदार्थांपैकी प्रत्येकाची हॅमिल्टन सिरिंज वेगळी, वर रंगीत टेप लावलेली, कोणी घाईत उचलली तरी चूक व्हायला नको. नवीन मुलं आली की मी हे पहिल्याच दिवशी दाखवते, डिसेक्शनच्याही आधी.

त्या शुक्रवारी मी एकाच दिवसात चार रन केले, दोन साखर प्यायलेल्या माद्यांचे, दोन रक्त प्यायलेल्यांचे, आणि चारही वेळा एडीपीला रेघ वळली, रक्तवाल्यांची जरा कमी.