एका झारीचे दोन पेन्स

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर अलॉटमेंटच्या, म्हणजे भाड्याच्या भाजीवाफ्यांच्या, पाण्याच्या बिलावर कोण लिहितं! प्रश्न नेहमी एकच असतो. सासवडचा मामेभाऊ फोनवर विचारतो, मंडळाच्या गणपतीत नव्यानं आलेली मुलं विचारतात: "ताई, इंग्लंडात बारा महिने पाऊस. मग चार वाफ्यांच्या भाजीला पाणी विकत कशाला?"

आधी पावसाचं सांगते. मी राहते त्या पश्चिम लंडनमध्ये, हीथ्रोच्या आसपास, वर्षाला सरासरी ६०० मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. पुण्यात याहून जास्त पडतो. इथला फक्त वर्षभर हप्त्याहप्त्यानं पडतो, म्हणून माणसं छत्र्या घेऊन फिरतात आणि बाहेरच्यांना वाटतं, काय हा पाऊस. टोमॅटो आणि वालाला जून-जुलैत पाणी लागतं तेव्हा नेमका तो दडी मारतो आणि आमच्या चिकणमातीला आपल्या काळ्या रानासारख्या भेगा पडतात. पिंपं भरून ठेवा म्हणाल, तर माझ्या वाफ्यांजवळच्या खोपटाचं छप्पर सहा फूट बाय चार फूट, म्हणजे जेमतेम सव्वादोन चौरस मीटर. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. सगळा थेंब न् थेंब धरला तरी वर्षाला तेराशे-चौदाशे लिटर. कडक उन्हाळ्यात तेवढं दोन-तीन आठवड्यांत संपतं.

अलॉटमेंट म्हणजे काय, तेही थोडक्यात. कौन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, जमिनीचे तुकडे लोकांना भाजीपाल्यासाठी भाड्यानं मिळतात. १९०८ च्या कायद्यापासून ही कौन्सिलची जबाबदारीच आहे. मोजणी अजून 'रॉड'मध्ये होते. पूर्ण प्लॉट १० रॉडचा, म्हणजे आपले अडीच गुंठे. माझा अर्धा, सव्वा गुंठ्याचा. गंमत अशी की जमीन द्यायला कौन्सिल बांधील आहे, पाणी द्यायला नाही. काही ठिकाणी नळच नसतो. आमच्याकडे आहे, पण सगळ्यांना मिळून एकच मीटर आणि एकच बिल. त्या बिलाची वाटणी सभासदांची समिती करते. तिची मी चार वर्षं खजिनदार होते, त्यामुळे या विषयावर माझी मतं जरा कडक आहेत.

मीटरपासून जमिनीखालून पाइप जातो आणि त्यावर सात हौद आहेत. गुरांना पाणी पाजायचे असतात तसेच, पत्र्याचे, आत बॉलकॉक. हौदात झारी बुडवायची आणि आपल्या वाफ्यापर्यंत वाहून न्यायची. नळाला पाइप लावायला मनाई आहे. त्याचं एक कारण तांत्रिक: पाइपचं तोंड कुणाच्या शेणखताच्या पिंपात बुडालेलं असेल आणि मुख्य लाइनचा दाब एकाएकी उतरला, तर ते पाणी उलटं नळात ओढलं जाऊ शकतं. माझ्या दृष्टीनं खरं कारण वेगळं आहे. पाइप हातात आला की माणूस गप्पा मारत उभा राहतो आणि भोपळ्याचं तळं होतं. नऊ लिटरची झारी दोन्ही हातांत धरून साठ पावलं चालायचं म्हटलं, की कुणाला तहान लागली आहे आणि कुणाला नाही, ते बरोबर कळतं.

आता पैसे. साध्या वर्षी आमचा वापर २७० घनमीटरच्या आसपास असतो. माझ्या खजिनदारीत घनमीटरला साधारण दोन पौंड पडत, म्हणजे ५४० पौंड. आमच्याकडे एकूण ३०० रॉड जमीन, म्हणून रॉडमागे एक पौंड ऐंशी पेन्स. माझ्या अर्ध्या प्लॉटला नऊ पौंड. एका झारीचे दोन पेन्ससुद्धा होत नसत. भांडणं मात्र शेकडो पौंडांची.

पहिलं बिलाशी. त्यात मैलापाण्याचाही आकार लावलेला असायचा. अहो, आमचं सगळं पाणी बटाट्यांना जातं, गटार आहे कुठे? अर्ज, स्मरणपत्रं, जागेची पाहणी, मग ती ओळ गेली. त्याआधीची कित्येक वर्षं आम्ही ती मुकाट्यानं भरत होतो.

दुसरं गळतीशी. एका वर्षी ऑक्टोबरचं बिल आलं ते पावणेनऊशे पौंडांच्या घरात. मी संध्याकाळी फाटकाला कुलूप लागल्यावर मीटरचं लोखंडी झाकण उचललं, गोगलगायी बाजूला केल्या, पालथी पडून विजेरीनं आकडा उतरवला. सकाळी सातला पुन्हा. रात्रभर कुणी नसताना ७०० लिटर गेलं होतं. मिनिटाला एक लिटर! शेवटच्या हौदाच्या अलीकडे पाइपचा सांधा सुटला होता आणि वरच्या प्लॉटवाल्या बाई सबंध उन्हाळा आपल्या र्‍हुबार्बचं, म्हणजे आंबट देठांच्या भाजीचं, कौतुक करून घेत होत्या.

तिसरं आपसांत. कोपऱ्यातले एक निवृत्त गृहस्थ फक्त स्वतःच्या पिंपांतलं पाणी वापरतात. हौदाला हात लावत नाहीत. "मी का भरू?" हा त्यांचा दरवर्षीचा प्रश्न. त्यावर कुणीतरी म्हणतं, प्रत्येक प्लॉटला मीटर बसवा. त्या मीटरची किंमत काढली तर कित्येक वर्षांचं पाणी येईल. मग कुणी म्हणतं, माणशी वाटा. कुणी म्हणतं, जागेप्रमाणे.

हे ऐकताना मला आजोळ आठवायचं. आमच्याच पुरंदर तालुक्यात नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे जमिनीप्रमाणे नाही, तर माणशी पाणी: डोई अर्धा एकर, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस बंद. मी एका सभेत हे सांगितलं. लोकांनी शांतपणे ऐकलं आणि रॉडप्रमाणेच ठराव केला. तेही ठीकच. पोटाचा प्रश्न असता तर मी भांडले असते. इथे सवाल डेलियाच्या फुलांचा होता.

२०२२ च्या जुलैत हीथ्रोला ४०.२ अंश झालं. ऑगस्टमध्ये पाइपबंदी, म्हणजे पाइपनं बागेला पाणी घालायला मनाई, आली. ती कायद्यानं अलॉटमेंटलाही लागू असते, झारी चालते. आम्हाला फरक पडला नाही. फक्त संध्याकाळी सगळे एकदम आले की पहिले हौद भरत आणि आमचा सातवा खडखडीत. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याचं दुःख मला लंडनमध्ये कळलं. मामेभावाला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, मग रात्रपाळीनं पाणी धर."

खरंच धरलं. रात्री दहाला, बॅटरी तोंडात धरून.

नोव्हेंबरात पाइप गोठून फुटू नयेत म्हणून पाणी बंद होतं आणि मार्चअखेरीस सुरू. त्याच सुमाराला वर्गणी गोळा व्हायची. कोपऱ्यातल्या गृहस्थांचा पूर्ण प्लॉट. त्यांचे अठरा पौंड सर्वांत आधी यायचे, मोजून, पाकिटात. पाकिटावर दरवर्षी त्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं असायचं: 'न वापरलेल्या पाण्याबद्दल'.