गर्द सुटल्यानंतरचे दिवस

माझा मावसभाऊ गर्दवर (म्हणजे ब्राउन शुगर, हेरॉइनचाच प्रकार) होता, व्यसनमुक्ती सेंटरमधून घरी आला तेव्हा मावशीने पुरणपोळ्या केल्या, सगळ्यांना वाटलं सुटला एकदाचा. पण खरा धोक्याचा काळ तोच असतो हे आम्हाला कुठे माहीत होतं! नशा थांबली की शरीराची सवय मोडते, मग जुन्याच डोसने जीव जाऊ शकतो, आणि तो चुकून गेला की मुद्दाम हे बऱ्याचदा कळतच नाही. त्यात झोप नाही, डिप्रेशन, नोकरी गेलेली, बायको माहेरी, वर गल्लीतले 'गर्दुल्ला' म्हणणार ते वेगळंच. दादा तासन्‌तास गॅलरीत बसायचा, समोर चहा साय धरून गार झालेला. एकदा म्हणाला, "मी नसतो तर बरं झालं असतं." मावशीने कानाआड केलं, मी मात्र सरळच विचारलं, जीव द्यायचे विचार येतात का रे? (विचारल्याने डोक्यात भरतं म्हणतात, तसं काही नसतं.) खूप रडला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे नेलं, ब्युप्रेनॉर्फिन, म्हणजे गर्दची तलफ आवरणारी गोळी, सुरू झाली, आणि ती गोळी बंद करायची घाई नातेवाईकांनाच जास्त, म्हणे एक नशा सोडून दुसरी! मावशीच्या फ्रीजवर आता टेलिमानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) 14416 नंबर चिकटवलाय, लाईटबिलाच्या शेजारी.